धंद्यात माणूस जिद्दीने पडतो की नाइलाजाने?

चिंचवडकर:
उद्योजकता शिबिरात अजून तेच चालू, म्हणे अंगात आग पाहिजे. ही आग १९६१ ची आहे राव, मॅक्लेलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, काहीतरी करून दाखवायची भूक ज्याला जास्त तो धंद्यात पडतो म्हणे. १९८८ मध्ये गार्टनर या उद्योजकतेच्या अभ्यासकाने तर लिहिलं की उद्योजक कोण हा प्रश्नच चुकीचा, तो करतो काय ते बघा. आमच्या गल्लीतल्या काकूंनी पोळी-भाजी केंद्र काढलं ते काकांची कंपनी बंद पडली म्हणून, कसली डोंबलाची आग.

मिरजेचा तंबोरा:
कंपनी काय एकट्या काकांची बंद पडली का हो? बाकीच्यांच्या घरी का नाही निघालं केंद्र? मॅक्लेलंडने नुसतं लिहिलं नाही, साठच्या दशकात आंध्रातल्या काकिनाड्याच्या व्यापाऱ्यांना ही भूक वाढवायचं ट्रेनिंग दिलं, नंतर त्यांनी बाकीच्यांपेक्षा जास्त नवे धंदे काढले, माणसं लावली. आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर? मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवायचे, प्रमोशनला डावललं म्हणून नोकरी सोडली, बेळगावात सायकलचं दुकान, मग नांगर, १९१० ला किर्लोस्करवाडी. त्या काळी डावललेले काय ते एकटेच होते?

चिंचवडकर:
जे बुडाले त्यांचं चरित्र कोण लिहितंय. आणि काकिनाड्यातले बहुतेक आधीच गल्ल्यावर बसलेले, म्हणजे धंदा वाढला कसा ते कळलं, माणूस मुळात पडतो का ते नाही.

आकडेमोड:
दोघंही जुन्या खणात अडकलाय. जीईएम (ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर) हा उद्योजकांचा जागतिक सर्व्हे १९९९ पासून चालू आहे, आधी त्यात संधी की नाइलाज एवढंच असायचं. २०१९ पासून चार कारणं विचारतात, जगात फरक पाडायचाय, पैसा करायचाय, घरचा धंदा, नोकऱ्या नाहीत, आणि एकच माणूस चारहींना हो म्हणू शकतो. भारतात नोकऱ्या नाहीत म्हणणारे बहुसंख्य, पण त्यातल्याच कितीतरी जणांना पैसाही करायचाय. फक्त विचारतात ते साडेतीन वर्षांच्या आतल्या धंद्यांना, नंतर त्याच माणसाचं कारण बदललं तर या आकड्यात दिसत नाही.

पोळीवाली:
बदलतं ना, माझंच बदललं. मी नाइलाजानेच सुरू केलं, पहाटे उठून हाताने कणिक मळायची, खांदा भरून यायचा. आता मळायचं मशीन आहे, लाटायला दोघी येतात, नवऱ्याला परत नोकरी लागली तरी मी बंद नाही केलं. पोरींचा पगार माझ्या हातून जातो, ते कसं सोडू? तुमच्या चार कारणांत हे कुठे बसवायचं?

चिंचवडकर:
ताई, मुलाला केंद्रावर बसवणार का मग?

पोळीवाली:
नाही हो, तो बँकेच्या परीक्षा देतोय.