थंड देशात घरात रुजवलेली तुळस, कोथिंबीर आणि मंडळी : तुमचे अनुभव लिहा

संक्रांत उलटली की थंड देशांतल्या आपल्या मंडळींना बियांची पाकिटं खुणावू लागतात. बाहेर बर्फ, म्हणून रोपं घरातच तयार करावी लागतात. कधी पेरता, ऊब आणि उजेड कुठून आणता, बाहेर नेईपर्यंत किती जगतात, ते इथे लिहा. पुण्या-मुंबईकरांनीही लिहा, पण तुमच्याकडे तुळस फरशीच्या फटीतही उगवते, तेव्हा जरा जपून. :)

न्यू जर्सी
सुरुवात मीच करते. इकडे मेच्या दुसऱ्या आठवड्याआधी तुळस बाहेर काढायची सोय नाही. तिथून सहा-आठ आठवडे मागे मोजलं की पाडव्याचा सुमार येतो, तेव्हाच माझी पेरणी. घरच्याच मंजिऱ्या वाळवून चुरते. बी अगदी बारीक. ओल्या मातीवर नुसतं भुरभुरवायचं आणि बोटाने हलकं दाबायचं. वर मातीचा जाड थर दिला तर रुसून बसतं. माती उबदार हवी, २१ ते २७ अंश. आपण थर्मोस्टॅट २० वर लावून निवांत असतो, पण खिडकीच्या कट्ट्यावरची माती त्याहून बरीच गार असते. मी इडलीचं पीठ जिथे आंबवते तिथेच ट्रे ठेवते : बंद ओव्हन, आत फक्त दिवा चालू. दारावर चिठ्ठी, 'आत तुळस आहे, ओव्हन लावू नये'. पहिला हिरवा ठिपका दिसला की त्याच दिवशी ट्रे उजेडात.

मिनिआपोलिस
ओव्हनला +१. पण खरी मारामारी पुढे, उजेडाची. मार्चमधलं खिडकीतलं ऊन दिसतं छान, रोपाचं त्यात भागत नाही. सगळी काडीपैलवान होऊन काचेकडे झुकतात. गॅरेजमध्ये लावतात ती साधी एलईडी ट्यूब घ्या, शेंड्यांपासून चार बोटांवर टांगा, टायमरवर १४ ते १६ तास. ते जांभळे महागडे दिवे नकोत, दिवाणखान्याचा डान्सबार होतो.

टोरांटो
कोथिंबिरीसाठी एवढा खटाटोप का करता लोकहो? तिचं सोटमूळ, उपटून दुसरीकडे लावलेलं तिला खपत नाही. शिवाय गारवा तिला आवडतो. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करायच्या (प्रत्येक फाकेत एक बी), रात्रभर भिजवायचे आणि एप्रिलअखेर सरळ वाफ्यात. उन्हाळा तापला की तुरे येणारच, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी थोडे थोडे पेरत राहायचं. शेपूचंही तेच.

टोरांटोला उत्तर, लीड्सहून
दादा, टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांत पेरा आणि नळीसकट जमिनीत लावा, मुळाला धक्का लागत नाही. माझी मार्चमध्ये घरात पेरलेली कोथिंबीर अशीच तग धरते.
बाकी इथली दमट हवा बघता माझं एकच सांगणं : वरून पाणी घालू नका. काल टवटवीत असलेलं रोप सकाळी मातीलगत दोऱ्यासारखं बारीक होऊन आडवं, ही बुरशी. ट्रेच्या तळाशी पाणी ओतायचं, अर्ध्या तासाने उरलेलं काढून टाकायचं, आणि छोटा पंखा मंद लावून ठेवायचा. दालचिनीची पूड भुरभुरवा असं सगळीकडे सांगतात. माझा भरवसा पंख्यावर.

म्युनिक
इथे ११ ते १५ मे हे 'बर्फाच्या संतांचे' दिवस (त्या त्या तारखेच्या ख्रिस्ती संतांवरून नाव; थंडीचा शेवटचा तडाखा तेव्हा बसतो असा लोकसमज), शेवटचा 'थंड सोफी'चा. तोवर शेजारच्या आजी नाजूक काही बाहेर लावू देत नाहीत. एप्रिलचं ऊन पाहून हात शिवशिवतात, पण रात्री पारा १० अंशांखाली गेला की तुळशीची पानं काळी पडू लागतात. आठवडा-दहा दिवस मी रोपांना फिरवून आणतो : आधी तासभर सावलीत, मग कोवळ्या उन्हात, रात्री परत घरात. घरून काम असल्यामुळेच हे जमतं.

सिअ‍ॅटल
पुदिन्याचं बी विकत घेऊ नका. दुकानातल्या जुडीतली काडी पाण्यात ठेवा, मुळं फुटतात. गवती चहाही तसाच, फक्त कांद्यासारखा बुडखा शाबूत असलेली काडी निवडा.
कोणी रोझमेरी बियांपासून केली आहे का?

न्यू जर्सी
केली आहे. रोप विकत आणा.