घरबसल्या कॉम्प्युटर सायन्स: सीएस५०, एनपीटेल केलेल्यांनी अनुभव सांगा

छत्रपती संभाजीनगर, अकाउंटंट

मंडळी, ओळखीतली पोरं विचारतात, पुण्याला न जाता कोडिंग शिकता येतं का? येतं. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा कॉम्प्युटर सायन्सची ओळख करून देणारा ऑनलाइन कोर्स फुकट आहे, एनपीटेलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्सही फुकट. पण 'सुरू केलं होतं' म्हणणारे ढीगभर भेटतात, पूर्ण केलेले थोडे. तुम्ही कुठं अडलात आणि कसे सुटलात, तेवढं लिहा. सर्टिफिकेटचे फोटो नकोत, अभिनंदनात धागा वाहून जातो.

माझ्यापासून सुरुवात. सीएस५०च्या शून्याव्या आठवड्यात स्क्रॅच असतं. ठोकळे जोडायचे, मांजर नाचवायचं. लेकीला माझ्यापेक्षा पटकन जमलं. पुढच्याच आठवड्यात सी भाषा समोर येते आणि अर्धी मंडळी तिथंच गळतात. तिथं मारिओ गेममधल्यासारखा हॅशच्या (#) चिन्हांचा पिरॅमिड काढायचा असतो. तो काढताना वहीत आडव्या-उभ्या ओळी मांडल्या, कितव्या ओळीत किती स्पेस आणि किती हॅश, त्याचा तक्ता केला. मग लूप, म्हणजे तीच कृती पुन्हापुन्हा करवणारा कोड, आपोआप सुचलं. थेट कीबोर्डवर बसणाऱ्यांना त्रास जास्त होतो, असं माझं मत.

सेलू, फोटोग्राफर

मपला लग्नाच्या फोटोचा धंदा. इंग्रजी बेताचंच, म्हणून व्याख्यान हळू लावायचो, खाली सबटायटल. डेव्हिड मेलन सर बोलतात लई झपाट्यानं, पण स्टेजवर करून दाखवतात, त्यामुळं निम्मं डोळ्यानंच कळतं.

मी कोर्समधे टिकलो ते चौथ्या आठवड्यातल्या 'रिकव्हर'मुळं. एका मेमरी कार्डाची अख्खी नक्कल फाइल म्हणून देतात. त्यातले पुसलेले ५० फोटो आपण प्रोग्राम लिहून काढायचे. आमच्या धंद्यात कार्ड फॉरमॅट झालं की नवरदेवाकडची माणसं दारात उभी! आजवर मी विकतचं सॉफ्टवेअर लावून फोटो काढायचो, आत काय चालतंय ते ठाऊक नव्हतं. फोटो पुसला म्हंजे फक्त कार्डाच्या यादीतून त्याची नोंद जाते, माल जागेवरच राहतो. जेपेग, म्हंजे फोटोच्या फाइलचे पहिले तीन बाइट ठरलेले: २५५, २१६, २५५. चौथा २२४ ते २३९ मधला. कार्ड ५१२-५१२ बाइटच्या तुकड्यांनी वाचत जायचं, ही खूण दिसली की जुनी फाइल बंद करून नवी उघडायची. एवढंच! आणि म्हणूनच कार्ड गडबडलं की त्याच्यावर पुन्हा शूटिंग करायचं नाही, नवा फोटो जुन्याच्या जागेवर बसतो. हे मी आता गिऱ्हाइकालाबी समजावून सांगायलो.

पाचव्या आठवड्यातला 'स्पेलर', म्हंजे स्पेलिंग तपासणारा प्रोग्राम, मात्र जड गेला. १,४३,०९१ शब्दांची डिक्शनरी मेमरीत भरायची. शब्दाच्या नुसत्या पहिल्या अक्षरावरून कप्पे पाडले तर २६च कप्पे होतात, अन् एकेकात हजारो शब्द दाटतात. प्रोग्राम चालतो, पण रेंगाळत. कप्पे वाढवले की पळायला लागतो.

बीड, जिल्हा परिषद शिक्षिका

दादा, तुमचं रिकव्हर वाचून मी माझं उघडून पाहिलं, कोड जवळपास तसाच निघाला. मला आवडलं ते सीएस५०मधलं मदतीचं बदक. एआयचं आहे, पण उत्तर सांगत नाही, उलट आपल्यालाच विचारतं. मुलांना शिकवताना मीही हेच करते, त्यामुळं त्याचा राग आला नाही. पुढं पायथन भाषा आली की श्वास मोकळा होतो, सीमधे पानभर लिहिलेलं चार ओळींत मावतं.

नांदेड, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

मी एनपीटेलवर आयआयटी खरगपूरचा डीबीएमएस, म्हणजे डेटाबेस मॅनेजमेंटचा कोर्स केला. शिकणं फुकट, परीक्षेचे १००० रुपये. असाइनमेंटला २५ टक्के वजन, परीक्षेला ७५. पास व्हायला असाइनमेंटमधे २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, दोन्ही पाहिजेत. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. म्हणून कॉपी करून असाइनमेंट भरणारे शेवटी उघडे पडतात. आमच्या वर्गात उत्तरांचा ग्रुपच होता, त्यातले किती पास झाले ते विचारू नका.

शिकवणं सीएस५०सारखं नाट्यमय नाही. फळा, स्लाइड, संथ बोलणं. मला तेच मानवलं.

लातूर, सध्या पुण्यात नोकरी

थोडं कडू बोलतो. नोकरीच्या मुलाखतीत सीएस५०च्या सर्टिफिकेटबद्दल मला कुणी चकार शब्द विचारला नाही. विचारलं ते कोर्सच्या शेवटी करायच्या फायनल प्रोजेक्टबद्दल, तेही खोदून खोदून. सोयाबीनच्या आवकेची नोंद ठेवणारी छोटी वेबसाइट होती, फ्लास्क (पायथनमधे वेबसाइट बनवायचं साधन) आणि एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) वापरून केलेली. डेटाबेसची टेबलं अशीच का पाडली, यावरच बराच वेळ गेला. तेव्हा शेवटचं प्रोजेक्ट ढकलगाडी करू नका.

कळमनुरी

लॅपटॉप जुना आहे आणि लाइटचा भरवसा नाही. जमेल का?

छत्रपती संभाजीनगर, अकाउंटंट

जुना चालेल. सीएस५०चा कोड ब्राउझरमधे लिहायचा असतो, लॅपटॉपवर भार पडत नाही, पण त्या वेळी नेट लागतंच. व्याख्यानं मात्र कोर्सच्या साइटवरून डाउनलोड होतात, रात्री उतरवून ठेवा. नुसत्या मोबाइलवर करायचं म्हणत असाल तर नका, कोड लिहिताना वैताग येईल. फुकटचं सर्टिफिकेट हार्वर्डच्या साइटवरून मिळतं, एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटचं पैसे भरून. पैशाचं घ्यायची गरज नाही. आणि कोर्स पूर्ण करायची ३१ डिसेंबरची मुदत पाहून घाबरू नका, राहिलेलं पुढच्या वर्षीच्या कोर्सात पुढे नेता येतं.