चिठ्ठीने दिलेला कौल मानावा का?

प्रश्न (धरमपेठ): मला पुण्यात बढतीची जागा मिळाली आहे, तर इथे नागपुरात वडिलांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. आईच्या आग्रहाखातर टेकडी गणपतीसमोर दोन चिठ्ठ्या ठेवल्या. 'जा' अशी निघाली आणि ती उलगडताना माझा हात थरथरला. श्रद्धा असल्याने कौल मोडवत नाही, पण मनही मानत नाही.

उत्तर (महाल): गीतेच्या अठराव्या अध्यायात सर्व सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला 'यथेच्छसि तथा कुरु', म्हणजे तुझ्या इच्छेप्रमाणे कर, असे म्हणतो, मात्र त्याआधी 'विमृश्यैतदशेषेण', म्हणजे याचा पूर्ण विचार करून, अशी अट घालतो. साक्षात देव निवड माणसावर सोपवत असताना आपण ती कागदाच्या कपट्यावर का ढकलावी? (चिठ्ठ्या मीही टाकल्या आहेत, मनाजोगती निघेपर्यंत.)

उत्तर (लक्ष्मीनगर): बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि दीक्षा मात्र १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या नागपुरात घेतली, मधली एकवीस वर्षे अभ्यासाची आणि पारखण्याची होती. तुमच्याकडे तेवढा अवधी नाही, तरी कंपनीकडे मुदत मागता येईल. शिवाय वडिलांना विचारलेत का? तुमच्या प्रश्नात ते केवळ रुग्ण म्हणून येतात.

प्रश्नकर्ता: विचारले नव्हते. काल दवाखान्यातून परतताना ऑटोत विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "चिठ्ठ्या टाकण्याआधी मला का नाही विचारलं?" रुजू होण्यासाठी महिनाभराची मुदत मागितली आहे.