बुद्धिबळात पांढऱ्याच्या पहिल्या बी३ चालीला काळ्यानं थेट ई५ केलं तर काय खेळायचं?

विश्रामबागचा_उंट
रविवारी मिरजेत रॅपिड (कमी वेळेच्या डावांची) स्पर्धा होती. पांढरी मोहरी मिळाली की माझं ठरलेलं, बी३ आणि उंट बी२. समोर बारा-तेरा वर्षांची पोरगी. तिनं फटाफट ई५, घोडा सी६. मी सी४, तिचा घोडा एफ६. मी घोडा एफ३ ला काढला तर ई४ ढकलून लगेच त्याला हुसकावलं. बरोबरी झाली, पण किल्लेकोट काही जमला नाही. क्लबातले काका म्हणतात, "कडेची प्यादी सोड, ई४ खेळ." पण मग काळ्याचे सिसिलियन, फ्रेंच असे सगळे बचाव आले. नोकरी सांभाळून एवढं पाठांतर कोण करणार?

गणपतीपेठ_६४
पांढऱ्यानं लंडन पद्धतीची सुरुवात खेळा. डोक्याला ताप नाही.

जुना_सांगलीकर
लंडन नको हो, झोप येते. आणि पोरगी लहान म्हणून बिनधास्त राहू नका, महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे सांगलीचीच.

तुमच्या चाली म्हणजे बेलग्रेड, १९७० चा गाजलेला डाव. सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग. अमेरिकेच्या फिशरनं उर्वरित जगाचा पहिला पट डेन्मार्कच्या लार्सनला सोडला होता, समोर काळ्या मोहऱ्यांनी तेव्हाचा जगज्जेता स्पास्की. ई४ नंतर लार्सनचा घोडा डी४ ला गेला, मग सी६ वर मारामारी. स्पास्कीनं वजिराच्या बाजूला किल्लेकोट करून एच प्यादं पळवलं, घोडासुद्धा खाऊ दिला. चौदाव्या चालीला हत्ती सरळ एच१ वर! लार्सननं तो मारला, तर प्यादं जी२ वर. सतरा चालींत लार्सन खलास, तोही पांढरी मोहरी असताना!

पण दोष बी३ चा नाही. त्याच वर्षी स्पेनमधल्या पाल्माच्या स्पर्धेत फिशरनं बी३ खेळूनच ब्राझीलच्या मेकिंगला हरवलं. गडबड एफ३ च्या घोड्याची. तिसरी चाल सी४ ऐवजी ई३ करा, मग उंट बी५. ई५ ला आधार सी६ च्या घोड्याचा, त्यालाच धरायचं. राजाकडचा घोडा थांबू दे, वेळ पडली तर ई२ वरून काढा.

विश्रामबागचा_उंट
उंट बी५ वर काळा उंट डी६ ला आला तर? ई५ राखतो, पण डी७ चं प्यादं कोंडतं ना?

जुना_सांगलीकर
कोंडतंच. तेव्हा घोडा ए३, तिथून सी४, त्या उंटाच्याच मागं लागायचं. काळा घोडा ए५ ला नेऊन सी४ अडवेल. मग बी५ चा उंट ई२ ला घ्या आणि सी४ ला प्यादंच ढकला.