नेपल्स शहरात स्वतः गाडी चालवायची हिंमत करावी का?

भटका_जीव:
सप्टेंबरमधे इटली करतोय. रोमला गाडी भाड्याने घेऊन ए१ हायवेने नेपल्स, सव्वादोनशे किमीच्या आसपास आहे, तिथे दोन रात्री आणि मग सोरेंटो, अमाल्फी. हायवेचं टेन्शन नाही पण नेपल्सचे व्हिडिओ बघून बायकोने सरळ सांगून टाकलंय की शहरात तू चालवणार असशील तर मी आणि पोरं ट्रेनने येतो. हॉटेल जुन्या भागात स्पाक्कानापोलीजवळ, पैसे भरून झालेत, कॅन्सल होत नाही. उजव्या बाजूने चालवायची पण पहिलीच वेळ. कोणी खरंच चालवलीय का तिथे?

मधला_गिअर:
चालवलीय, आणि जिवंत आहे :) पहिला अर्धा तास स्टिअरिंग घामाने ओलं झालेलं. मग हळूहळू कळतं की तिथे प्रत्येकजण फक्त पुढे बघतो, मागच्याने आपापलं सांभाळायचं. हॉर्न वाजला तर मनाला लावून घेऊ नका, बऱ्याचदा तो फक्त 'मी बाजूने येतोय' एवढंच सांगत असतो. चौकात सगळ्यांना आधी जाऊ दे म्हणून थांबलात तर थांबूनच राहाल, नाक हळूच पुढे घालायचं, स्पीड कमी पण गाडी हलती, आणि अचानक ब्रेक अजिबात नको कारण दोन्ही बाजूंना स्कूटर चिकटलेल्या असतात. स्टेशनसमोर पियाझा गारिबाल्दीत एका स्कूटरवाल्या आजोबांचा धक्का लागून माझा उजवा आरसा फटकन दुमडला, मी काच खाली करून काही बोलणार तेवढ्यात त्यांनीच तो सरळ केला, बाहीने पुसला आणि गेले पण!
उजव्या बाजूची सवय मात्र शहराबाहेरच करून घ्या. मी पूर्ण दिवसभर वळायच्या आधी भर उन्हात वायपर चालू करत होतो, आणि गाडी सारखी उजव्या कडेला सरकायची.

कागदी_होडी:
ट्रॅफिकचं सोडा हो, खरा खड्डा म्हणजे झेडटीएल. जुन्या भागात ठराविक वेळेत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि एन्ट्रीला कॅमेरे. पांढऱ्या गोलाला लाल कडा असा बोर्ड, आणि शेजारी 'वार्को अत्तीवो' असं उजळलेलं दिसतं. आम्हाला वाटलं अत्तीवो म्हणजे गेट चालू, जा बिनधास्त. उलटंय! अत्तीवो म्हणजे बंदी चालू. हॉटेल शोधत एका संध्याकाळी तीनदा तिथून गेलो, तीन वेगळे दंड. आणि कळलं कधी, तर घरी येऊन सगळं विसरल्यावर, आधी गाडीवाल्या कंपनीने आमची माहिती पोलिसांना दिल्याची फी कार्डावरून कापली आणि दंडाची पत्रं त्यानंतर आली. परदेशातल्या माणसाला नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवस मिळतात म्हणे, त्यामुळे वाचलो असं लवकर समजू नका. पत्र आल्यापासून ५ दिवसांत भरलं तर ३० टक्के कमी होतात एवढंच काय ते सुख.
तुमचं हॉटेल त्याच भागात वाटतंय. गाडीचा नंबर नोंदवून देता का ते आधीच मेल करून विचारा, सगळ्यांना जमत नाही.

उशिराची_गाडी:
वहिनींचं ऐका. गाडी नेपल्सला पोचल्यावर कापोदिकीनो एअरपोर्टलाच परत करा, तांजेन्झियाले म्हणजे तिथल्या बायपासवरून एक्झिट आहे, शहरात शिरायलाच नको. तिथून अलीबस ही एअरपोर्टची बस स्टेशनला येते. जुन्या गल्ल्या पायीच बघायच्या असतात, दोन दिवस गाडीला पार्किंग शोधत बसण्यात काय मजा? निळी रेघ म्हणजे पैसे भरा, पिवळी म्हणजे तुमच्यासाठी नाही, आणि पांढरी फुकट पण ती मिळाली तर सांगा. सोरेंटोला चिर्कुमवेझुवियाना लोकल जाते, पाँपेई वाटेतच.
आणि अमाल्फीचा किनाऱ्याकडेचा रस्ता, एसएस १६३, विसरू नका, तो मला नेपल्सपेक्षा अवघड वाटला. वळणावर समोर बस आली की रिव्हर्स तुम्हीच घ्यायचा.

मधला_गिअर:
@उशिराची_गाडी एअरपोर्टचं पटलं, पण अमाल्फीला सकाळी लवकर निघालं तर एवढं नाही हो. बाकी टोलनाक्यावर नुसत्या पिवळ्या टेलेपासच्या (आपल्या फास्टॅगसारखं) लेनमधे घुसू नका, माझ्यापुढचा घुसला होता आणि मागे पाच गाड्या हॉर्न मारत रिव्हर्स.

भटका_जीव:
अत्तीवोचं वाचून पोटात गोळा आला, मी पण शंभर टक्के तसाच आत गेलो असतो. कापोदिकीनो फायनल, हॉटेलला आता मेलची गरजच नाही. इंटरनॅशनल परमिट काढून झालंय. बायकोला सगळं वाचून दाखवलं, तिने आजोबांचा किस्सा दोनदा वाचायला लावला आणि आता रोम-नेपल्स ट्रेनची तिकिटं बघत बसलीय.