पडद्याच्या कर्णावरून क्षेत्रफळाची तुलना कशी करावी?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
शिकवणीवर्गासाठी टीव्ही घ्यायचा आहे. ४३ आणि ५५ इंचांच्या कर्णांत साधारण २८ टक्क्यांचाच फरक आहे. परंतु दुकानात दोन्ही शेजारीशेजारी पाहिले, तेव्हा तो कितीतरी मोठा वाटला. शिवाय वर्गातल्या जुन्या, जवळजवळ चौकोनी अशा २० इंची मॉनिटरवर जेवढा मजकूर वर-खाली मावतो, तेवढा घरच्या २१ इंची नव्या मॉनिटरवर मावत नाही. याचा हिशेब कसा मांडावा?

उत्तर (वाशी)
रुंदी-उंचीचे प्रमाण सारखे असेल, तर क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४३ चा वर्ग १८४९ आणि ५५ चा ३०२५, म्हणजे मोठ्या पडद्यावर सुमारे ६४ टक्के जागा अधिक मिळते. त्यामुळे किमतीची तुलनाही चौरस इंचाच्या भावाने करावी.

मॉनिटरच्या बाबतीत मात्र आकारच बदलला आहे. जुना ४:३ प्रमाणाचा असणार आणि त्याला ३-४-५ चा काटकोन त्रिकोण जसाच्या तसा लागू पडतो: कर्ण २०, रुंदी १६, उंची १२, क्षेत्रफळ १९२ चौरस इंच. नवा १६:९ चा असेल, तर रुंदी १८.३ आणि उंची १०.३ इंच येते, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम १८८. कर्ण इंचाने वाढूनही जागा घटली, आणि वाचणाऱ्याला खरी उणीव भासते ती उंचीतल्या १.७ इंचांची. कर्ण तोच ठेवून पडदा जितका लांबट करावा, तितके क्षेत्रफळ कमी होत जाते. झटपट हिशेबासाठी कर्णाच्या वर्गाला १६:९ असल्यास ०.४२७ ने, १६:१० असल्यास ०.४४९ ने आणि ४:३ असल्यास ०.४८ ने गुणावे.

उत्तर (नेरूळ)
वरील हिशेब अचूक आहे. फक्त मॉनिटर जुन्या पिक्चर ट्यूबचा असेल, तर ट्यूबच्या काचेचा काही भाग चौकटीखाली झाकलेला असतो, म्हणून दिसणाराच भाग पट्टीने मोजावा. टीव्हीच्या खोक्यावरचे सेंटिमीटरही वाचावेत. ‘४३ इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक टीव्हींवर १०८ सेंमी लिहिलेले असते आणि ते साडेबेचाळीस इंचच भरतात.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. वर्गात दोन खिडक्यांमधली भिंत ४८ इंच रुंद आहे. ५५ इंची टीव्ही तिथे बसेल का?

उत्तर (वाशी)
नुसत्या पडद्याचीच रुंदी ४७.९ इंच होते, त्यामुळे चौकटीसह तो बसणे कठीण आहे. ५० इंची पडद्याची रुंदी ४३.६ इंच भरते आणि ४३ इंचीपेक्षा त्यावर ३५ टक्के अधिक जागा मिळते. माझ्या मते तोच घ्यावा.