‘फक्त एवढंच करून द्या’: कोणतं वाक्य ऐकलं की तुमचं डोकं उठतं?

शिवणताई:
नमस्कार मंडळी. नाशिकच्या इंदिरानगरला माझं लेडीज टेलरिंगचं छोटं दुकान आहे. मशीनवर बसलं की हात कामात आणि कान मोकळे, त्यामुळे लोकांचं बोलणं नको तितकं ऐकू येतं. काही वाक्यं तर इतकी झिजलीत की समोरच्या बाईनं तोंड उघडलं की पुढचं मी मनातल्या मनात आधीच म्हणून टाकते.

सगळ्यात वरचा नंबर ‘फक्त’चा. ‘ताई, फक्त बाही जराशी सैल करायची.’ ज्यांनी शिवण केलंय त्यांना विचारा, बाही नुसती सैल होत नसते. बाजूची शिलाई उसवा, बाही मुंढ्यातून सोडवा. आत माया, म्हणजे शिलाईतलं जादा कापड, ठेवलेली असली तर नशीब, नसली तर काखेत कळी, म्हणजे जोडतुकडा, घाला. अस्तर असेल तर तेही वेगळं करून परत लावा. त्यातून येवल्याच्या पैठणीवरचं ब्लाउज असलं की मी आधी देवाचं नाव घेते. रेशमातला टाका काढला की सुईची भोकं मागे राहतात, ती झाकली जातील अशी नवी शिलाई घालावी लागते. दोन्ही बाह्यांवरचा काठ सारखा दिसायला हवा ते निराळंच. एवढं सगळं करून पैसे सांगितले की, ‘अहो, फक्त बाहीच तर होती!’

कामाला माझी ना नाही, पोट त्यावरच आहे. पण त्या एका शब्दात माझी अर्धी दुपार पुसली जाते. ‘हातासरशी करून टाका’, ‘दोन टाके तर मारायचेत’, ‘तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम’ ही सगळी त्याच घरातली भावंडं. आणि ‘तुमच्यासारखं फिटिंग दुसऱ्या कुणाला जमतच नाही’ असं कुणी म्हटलं की मी ओळखते, उद्या हळद आहे आणि कापड आज आणलंय.

घरी वेगळंच. आमच्या ह्यांचा संध्याकाळी फोन येतो, ‘द्वारकेला अडकलोय.’ कंपनी अंबडला, घर इंदिरानगरला. मध्ये द्वारका चौक लागतोच कुठे?

तर तुमची सांगा. फॉरवर्डमधले विनोद नकोत, रोज कानावर पडतं ते सांगा.

निफाडकर:
‘पैशाची काळजीच करू नका.’

द्राक्षाचा व्यापारी बागेत येतो, दोन मणी तोंडात टाकतो, ‘माल एक नंबर आहे, पण साइज नाही’ म्हणून दर पाडतो आणि वर हे वाक्य. ऑक्टोबर छाटणीपासून औषधं, मजुरी, खतं सगळं उधारीवर चालू असतं. माल एकदा तयार झाला की थांबवता येत नाही, पाऊस आला तर मणी तडकतात. म्हणून मान डोलवायची. एका हंगामात एकानं गाडी भरली, निम्मे पैसे रोख दिले, ‘पुढच्या खुड्याला सगळं क्लिअर करू’ म्हणाला. पुढच्या खुड्याला फोनच बंद. आमच्या शिवारात असे तीन-चार जण तरी सापडतील. आता कुणी ‘काळजी’ हा शब्द काढला की मी म्हणतो, आधी खात्यावर जमा करा, मग क्रेट उचला.

‘पैसे काय पळून चाललेत का’ हे त्याचंच धाकटं रूप. पळतात, ताई. चांगले जोरात पळतात.

सातपूरची:
मोबाइलवरच्या रेसिपी! ‘कांदा छान असा परतून घ्यायचा आहे. आता आपण यात टोमॅटो घालून घेऊया. मस्त असं हलवून घेऊया.’ अगं बाई, घाल आणि हलव! प्रत्येक क्रियापदाला ‘घेऊया’ची शेपटी कशाला? परवा माझी लेक म्हणते, ‘मी दप्तर भरून घेते, मग डबा खाऊन घेते, मग झोपून घेते.’ म्हटलं, आता मार खाऊन घे.

आणि सासूबाईंचं फोनवरचं ‘आणि बाकी?’ सगळं सांगून होतं, भाजी काय केली इथपर्यंत. मग ‘आणि बाकी?’ मी म्हणते, बाकी काही नाही. ‘बरं बरं... आणि बाकी?’ त्यांना फोन ठेवायचा नसतो, हे मला कळतं. तरीपण.

निवृत्त लेखनिक:
सभा-समारंभांत उभा जन्म गेला, तेव्हा माझी तक्रार ‘या ठिकाणी’बद्दल. ‘या ठिकाणी उपस्थित सर्वांचं मी या ठिकाणी स्वागत करतो आणि या ठिकाणी दोन शब्द बोलतो.’ कुठल्या ठिकाणी, महाराज? कालिदास कलामंदिरात बसलोय आम्ही, ते आम्हाला दिसतंय. त्याच्या जोडीला ‘मी आपला जास्त वेळ घेणार नाही.’ हे ऐकलं की मी खुर्चीत मागे रेलून घड्याळ काढून ठेवतो.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंदच झाला. पण तेव्हापासून गणपती मंडळाच्या बक्षीस समारंभातसुद्धा अध्यक्ष ‘आपल्या अभिजात भाषेत सांगायचं तर’ अशी सुरुवात करतात आणि पुढे ‘बेसिकली’, ‘ॲक्चुअली’ चालू. 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा फोटो स्टेटसला, 28 ला पुन्हा ‘बेसिकली’.

आपल्या गावापुरतं आणखी एक आहे: ‘सिंहस्थाच्या आत होऊन जाईल.’ 2003 ला ऐकलं, 2015 ला ऐकलं, आता 2027 साठी ऐकतोय. पूर्वी ते रस्त्यांपुरतं होतं. गेल्या आठवड्यात प्लंबरनं आमच्या गच्चीवरच्या टाकीबद्दल अगदी तेच सांगितलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं हो त्याच्या.

शिवणताई:
निफाडकर दादा, तुमच्यापुढे माझं ‘फक्त’ फारच किरकोळ ठरलं. माझ्याकडे बुडवणाऱ्या बायका बुडवून बुडवून एका ब्लाउजची शिलाई बुडवतात.

लेखनिक काका, ‘दोन शब्द’ राहिलं. ते कधी दोन असतात का?

एमएच15 वाला:
वाटलं होतं पहिल्याच रिप्लायमध्ये आमच्या पिढीला झोडपणार. ‘भावा’, ‘कडक’, ‘विषय हार्ड’, ‘लिटरली’... सगळे गप्प कसे काय? बरं, मीच सांगतो, ‘भावा’ मला पण नको होतो जेव्हा पाठोपाठ ‘पाचशे आहेत का’ येतं.

पण शिवणताई, एक राहिलं. टेलर लोकांचं काय? माझी आई कॉलेज रोडच्या एका टेलरकडे जाते. कधीही जा, उत्तर ठरलेलं: ‘झालंय, फक्त हुक लावायचे राहिलेत.’ हा तुमचाच ‘फक्त’ ना?

सातपूरची:
😂 ताई, आता बोला.

शिवणताई:
बोलते की. हुक राहिलेत म्हणजे खरोखर हुक राहिलेले असतात. हुक, काज आणि हातशिलाई आम्ही दुकानात करत नाही, बाहेर घरी बसून करणाऱ्या बायकांकडे देतो. त्या नगावर पैसे घेतात. त्यांच्या घरात पाहुणे आले, पोर आजारी पडलं की आमचा गठ्ठा तिकडे अडकतो. गिऱ्हाइकाला एवढं पुराण कोण सांगणार? तुझ्या आईच्या टेलरचं मला माहीत नाही. काही जण कापडाला कात्रीही लावलेली नसताना हुकांचं सांगतात, तेही मी पाहिलंय.

आणि तुमच्या पिढीच्या शब्दांचं म्हणशील तर मला त्यांचा त्रास नाही. मागच्या लग्नसराईत कॉलेजमधली एक मुलगी आजीच्या जुन्या पैठणीचं ब्लाउज वाढवून घ्यायला आली. ‘काकू, काम अवघड आहे ना? वेळ लागला तरी चालेल,’ म्हणाली. घ्यायला आली तेव्हा आरशासमोर फिरून फिरून बघितलं आणि म्हणाली, ‘काकू, विषय हार्ड!’ मी सांगितले तेवढे पैसे दिले, घासाघीस नाही. बरोबर तिची आई होती. ती म्हणाली, ‘माझंही एक आहे, त्याला फक्त...’ आणि पोरीनं तिला कोपरानं ढोसलं.